भाऊंच्या गिनिपिगांचं अंथरूण

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. वडिलांना सही करता येते, आईला तीही येत नाही. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल चार पानं लिहिण्याचा अधिकार याला कोणी दिला, असं वाचणाऱ्याला वाटलं तर ते बरोबरच आहे. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे तेही काही मोठे गृहस्थ नाहीत. त्यांना हे कळलं तर "कागद कायले खराब केला बे?" एवढंच विचारतील. पण एक गोष्ट मी त्यांना तोंडानं सांगू शकलो नाही. ती निदान लिहून ठेवावी, एवढाच हेतू. चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

मूल गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही तेच म्हणायचो. नाव लिहीत नाही.

कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर मी खोली शोधत फिरत होतो, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो. सोबत मनोहरदादा होता. मनोहरदादा आमच्याच गावचा, कुरखेड्याकडचा, आणि मूलच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर कामाला. भाऊंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, स्वयंपाक करतोस की मेस लावणार हेही नाही. म्हणाले,

"अंथरूण दाखव."

मला समजलं नाही. मनोहरदादानं कोपर मारलं तेव्हा मी पिशवीतून आईनं शिवलेली गोदडी काढली. भाऊंनी ती नाकाला लावली. मग ओट्यावर पसरून तिच्यावर तळहात दाबून धरला आणि डोळे मिटून तसेच बसले.

"कवा धुतली?"

"दिवाळीत जी."

"कोणत्या दिवाळीत?"

मनोहरदादा हसायला लागला. भाऊ हसले नाहीत. "खोली हाय. पण आधी गोदडी धू."

कॉलेजच्या गावातला माझा पहिला दिवस असा त्यांच्या अंगणात गोदडी धुण्यात गेला. ओली गोदडी एकट्याला उचलवत नव्हती. भाऊ मागे उभे राहून सांगत होते, आधी झटक, मग भिजव, आपट नको, दाब. ती वाळायला दोन दिवस लागले, म्हणून दोन दिवस मी मनोहरदादाकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी भाऊंनी पुन्हा तिच्यावर तळहात ठेवला आणि मग किल्ली दिली.

भाऊंची सगळी नोकरी एका सरकारी दवाखान्यातल्या धुण्याच्या खोलीत झाली. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, बाळंतिणींची दुपटी. डॉक्टर बदलले, इमारत बदलली, हातानं धुण्याच्या जागी यंत्र आलं, भाऊ त्याच खोलीत राहिले. दवाखान्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलले तर चादरींबद्दल. "पेशंट बोंबलते," ते म्हणायचे, "चादर बोंबलत नाई. म्हणून तिच्याकडं कोणी पाहत नाई." आणि दुसरं एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "डाग दिसते, त्याले भेवाचं नाई. ओल दिसत नाई, तिले भ्या."

त्यांची बायको मी येण्याच्या बरीच वर्षं आधी गेली होती. मुलगी नागभीडला दिली होती. घरात भाऊ, मागच्या खोलीत मी, आणि पुढच्या पडवीत दोन गिनिपिग.

गिनिपिग मी पुस्तकात वाचले होते, पाहिले नव्हते. उंदरापेक्षा मोठे, सशापेक्षा लहान, शेपूट नाही, पाय अगदी आखूड. एक पांढरी-तपकिरी आणि एक काळी-पांढरी, दोन्ही माद्या. दवाखान्यात एक डॉक्टर बदलून आले होते, त्यांच्या मुलीच्या या. डॉक्टरांची पुढची बदली झाली तेव्हा नव्या जागी सोय होईपर्यंत दोन महिने सांभाळा, म्हणून मुलीनं त्या भाऊंकडे ठेवल्या. दवाखान्यातल्या इतक्या लोकांमध्ये तिनं भाऊच का निवडले, तर ती लहानपणी त्यांच्या धुण्याच्या खोलीत गरम चादरींच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. मी राहायला गेलो तेव्हा त्या दोन महिन्यांना तीन वर्षं झाली होती. मुलीनं त्यांना इंग्रजी नावं ठेवली होती. ती भाऊंच्या जिभेवर बसली नाहीत. ते दवाखान्यातल्या खाटांच्या हिशोबानं एक नंबर आणि दोन नंबर म्हणायचे.

खाट म्हणजे खरोखरची खाट. भंगारातून आणलेला दवाखान्याचा जुना लोखंडी पलंग, त्यावर फळ्या, चारी बाजूंनी हातभर उंच जाळी. दोघी त्यावर राहायच्या. फळ्यांवर आधी रबरी शीट. तिच्यावर जुन्या सुती चादरीच्या चार घड्या. आणि सगळ्यात वर दुकानदार ज्याला एसी ब्लँकेट म्हणतात त्या मऊ, लवदार कपड्याचा तुकडा. हा वरचा कपडा पाणी पीत नाही, खाली सोडून देतो. जनावरानं मूत केलं की ते खालच्या सुती घडीत जातं आणि वर पायाला कोरडं लागतं. हे भाऊंनी मला पहिल्याच आठवड्यात चमचाभर पाणी ओतून दाखवलं. पाणी दिसेनासं झाल्यावर माझी हाताची पालथी बाजू त्यावर ठेवायला लावली आणि वीस आकडे मोजले.

"ओलं लागलं?"

"नाई जी."

"मंग हे अंथरूण हाय. ओलं लागलं असतं तं नुसता कपडा असता."

असे सहा जोड होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आकडा शिवलेला, दवाखान्यात शिवत तसा. दर तिसऱ्या दिवशी जोड बदलायचा. रोज सकाळ-संध्याकाळ रंगाच्या ब्रशानं लेंड्या आणि गवताच्या काड्या सुपलीत गोळा करायच्या. धुण्याआधी कपडा वाऱ्याच्या दिशेनं झटकायचा, मग जुन्या रबरी चपलेचा तळ त्यावरून एकाच दिशेनं ओढायचा. केस गुंडाळी होऊन निघतात. मग गार पाण्यात व्हिनेगर टाकून भिजवायचा, म्हणजे मुताचा पांढरा खार सुटतो आणि वास जातो. व्हिनेगर आणायला भाऊ बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर जायचे. गाडीवाला पोरगा दुरून ओरडायचा, "भाऊ, आज नूडल्स का धुणं?" मग गरम पाणी, बेताचा साबण. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी एकदा मी हौसेनं आणलं होतं. भाऊंनी बाटलीचं झाकणही उघडलं नाही. त्याचा थर बसतो आणि कपडा पाणी खाली सोडत नाही, म्हणाले, आणि बाटली माझ्या हातात परत दिली. शेवटचं पाणी इतकं स्वच्छ निघालं पाहिजे की त्यात तोंड धुता यावं. एकदा मला शंका आली तेव्हा त्यांनी त्यात खरंच तोंड धुतलं.

गल्लीत याची चेष्टा व्हायची. शेजारच्या बाई दोरीकडे पाहून रोज काहीतरी बोलायच्या.

"भाऊ, सुनेच्या साड्या नाई एवढ्या जपत कोणी. उंदरायचे लाड पाहा!"

"उंदीर नाई होय, बाई."

"मंग काय, जावई होय?"

"जावयानं एवढी खाट जपली असती तं पोरगी माहेरी फिरकली नसती," भाऊ म्हणायचे.

सगळ्यांचा सल्ला मात्र एकच होता. मूलमध्ये चारी बाजूंनी राईस मिल. धानाचं तूस डोंगरासारखं पडलेलं असतं, वीटभट्टीला जातं, बॉयलरला जातं, कोंबड्यांच्या खाली जातं. मनोहरदादा म्हणाला, "भाऊ, पोतंभर तूस आणून देतो. खाली टाका, घाण झालं का फेका. धुवाची कटकट नाई." भाऊंनी त्याला चिमूटभर तूस आणायला सांगितलं, पांढऱ्या कागदावर टाकलं आणि फुंकर मारली. धूळ उडाली ती मनोहरदादाच्या तोंडावर.

"तुह्या नाकात गेली तं तू शिंकशीन," भाऊ म्हणाले. "ह्या खाली मान घालून दिवसभर त्यातच राहतीन. आन् तुसात कुसळ असते." कुसळ म्हणजे धानाच्या टोकाला असतो तो केसासारखा बारीक काटा. आम्हा धानाच्या घरच्या माणसांना तो काटा वाटत नाही. मळणीच्या दिवसांत अंगभर, कपडेभर कुसळं असतात, आंघोळ केली की झालं.

डॉक्टरांच्या मुलीचा फोन पहिल्या वर्षी दर रविवारी यायचा, असं भाऊ सांगत. मी असताना महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांनी. व्हिडिओ कॉल असायचा. भाऊ आधी कॅमेरा अंथरुणावर धरायचे. "हा आज टाकला. चार नंबरचा जोड." मग गिनिपिग. मुलगी त्यांच्या इंग्रजी नावानं हाका मारायची आणि त्या दोघी शिट्टीसारखा आवाज काढायच्या. शेवटी तिचा एकच प्रश्न असायचा, आणि भाऊंचं एकच उत्तर.

"दोघी बऱ्या आहेत ना, भाऊ?"

"दोघी ठणठणीत. तू नेशीन तवा जशा देल्ल्या तशा देईन."

फोन ठेवल्यावर भाऊ काही वेळ पडवीतच बसायचे. ती खरंच येईल का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "येवो न येवो. मी बोललो हाय ना."

माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नागभीडहून मुलगी-जावई येऊन त्यांना घेऊन गेले. दहा दिवस लागणार होते. निघताना भाऊंनी मला काहीच नव्यानं सांगितलं नाही, कारण सगळं मला येत होतं. फक्त म्हणाले, "ओला टाकू नको. मळका चालन एक दिवस, ओला नाई." आणि गाडीत बसले. इतकी मोठी गोष्ट पूर्ण माझ्यावर सोपवलेली ती पहिलीच वेळ. आमच्या घरी बैल सांभाळायलाही वडील दुसऱ्या कोणाला सांगून जायचे.

ते गेले त्याच दिवशी झड लागली. पाचव्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता. हवेनं दमट लागले म्हणून मी न वापरलेले जोडही धुऊन टाकले होते. पडवीतल्या दोरीवर चार जोड लटकत होते, चारही ओलसर. पाचवा जोड पलंगावर होता आणि त्यानं तिसरा दिवस पूर्ण केला होता. सहावाही मी तसाच आदल्या दिवशी घाईत धुवायला काढला होता. तो काढायला नको होता, हे आता समजतं. तळहात ठेवला की प्रत्येक कपडा गार लागायचा. पलंगाजवळ वाकलं की मुताचा वास डोळ्यांना झोंबायला लागला होता.

मला मिलची आठवण आली. बॉयलरजवळ बाहेर कितीही पाऊस असला तरी ऊब असते. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकडतात आणि गरम हवेवर वाळवतात. मी दोन जोड बादलीत घातले, वर प्लास्टिक झाकलं आणि गेलो.

"इथी टाक," मनोहरदादा म्हणाला. त्यानं बॉयलरच्या मागं रिकाम्या पोत्यांची दोरी मोकळी करून दिली. "अर्ध्या घंट्यात पापड करून देतो. भाऊले सांगशीन, मनोहरनं ड्राय क्लीन करून देल्लं म्हणून."

खरंच अर्ध्या तासात कपडे कडक वाळले. मी नाकाला लावले, वास नव्हता. तळहात ठेवला, गरम लागला. मिलच्या हवेत काय उडत असतं हे मला माहीत होतं, पण ते मला दिसलं नाही. झटकले आणि घरी आणून टाकले. दोघी नव्या अंथरुणावर उड्या मारायला लागल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं. उरलेल्या दिवसांत मी आणखी दोनदा मिलवर गेलो. तूस पिंजऱ्यात टाकायचं नाही, हे मी पाळलं होतं. पण त्या लवदार कपड्यात कुसळं अडकतात आणि झटकून निघत नाहीत, उलट आत शिरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरी असा कपडाच नव्हता.

आठव्या दिवशी दोन नंबर एक पाय उचलून बसली होती. नवव्या दिवशी ती जागची हलली नाही. टाच लाल होऊन सुजली होती.

भाऊ डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले. जावयाचा हात सोडून थेट पलंगाकडे गेले. दोन नंबरला उचललं, पाय बोटानं चाचपला. मग अंथरुणावर तळहात ठेवला. नेहमीसारखा दाबला नाही, लवेच्या उलट दिशेनं हळू ओढला.

"कुठी वाळवले?"

"गच्चीवरच्या टिनाखाली, जी," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. खोली जाईल अशी भीती नव्हती. कोणाच्या घरची वस्तू आपल्या हातून बिघडू नये, एवढं एकच वडिलांनी गावातून निघताना सांगितलं होतं. बहुतेक ते कारण असेल.

भाऊ "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर चार शेळ्या आणि एक गाभण गाय होती. आमची टोपली पाहून गायवाला म्हणाला, "कोंबडी होय का?" आतल्या डॉक्टरांनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि आधी आमच्याकडे पाहिलं.

"हे आमच्याकडं येत नाही," ते म्हणाले. "पण पाहू."

त्यांनी चिमट्यानं टाचेतून काहीतरी बारीक ओढून काढलं आणि कापसावर ठेवलं. मग दुसरं. "धानाचं कुसळ आहे," ते म्हणाले. "खाली तूस टाकता का?"

"माह्या घरी धानाचा दाणा नाई," भाऊ म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी शेळ्यांकडे पाहत होतो.

पाय दिवसातून दोनदा औषधाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, पुसायचा, मलम लावायचं. भाऊंना वाकायची मनाई होती, म्हणून पाय मी धरायचो आणि ते सांगायचे. त्यांनी सहाही जोडांचे वरचे कपडे जाळून टाकले आणि त्यांच्या जागी आपल्या जवळची दोन जुनी ब्लँकेटं कापून टाकली. आणलेलं गवत ते काडी काडी निवडायला लागले. एका डोळ्यानं, उन्हाकडे धरून. शेजारच्या बाई कुंपणापाशी उभ्या राहून पाहायच्या. त्यांना वाटत असेल, गवतातून कुसळ आलं. मलाही वाटायचं की भाऊंना तसंच वाटतं आहे. गवत निवडणाऱ्या त्या हातांकडे पाहणं मला जमत नव्हतं. मी लायब्ररीत जाऊन बसायला लागलो.

एकदा मी सांगायचं ठरवलं. आम्ही दोघं कपडा पिळत होतो, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

"भाऊ, मले एक सांगाचं होतं."

"आधी पीळ घाल," भाऊ म्हणाले. "पाणी राह्यलं त्यात."

पीळ घातला. मग त्यांनी कपडा पडवीत दोन दोऱ्यांवर ताणून बांधला, टेबल फॅन आणून खाली उभा ठेवला आणि म्हणाले, "झडीत असा वाळवते. रात उलटली का वाळते. म्या तुले हे सांगाले पायजे होतं, राहून गेलं." आणि आत गेले. नंतर मला पुन्हा तेवढं धैर्य झालं नाही.

भाऊ परत आल्यापासून बाविसाव्या दिवशी दोन नंबर गेली. सूज हाडापर्यंत गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंनी तिला सुती घडीत गुंडाळून अंगणात पुरलं. एक नंबर तीन दिवस गवताला तोंड लावत नव्हती. भाऊ तिच्या पलंगाजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि दवाखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगायचे, मला नाही, तिला.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला. मी घरातच होतो. भाऊंनी या वेळी व्हिडिओ लावला नाही. "एक हाय," ते म्हणाले. "दुसरी गेली." मग तिनं काही विचारलं असावं, कारण भाऊ म्हणाले, "फोनवर सांगाची गोष्ट नाई ते. तू ये. आली का सांगतो. माह्या घरी झालं ना, मग तोंडावर सांगन."

काय सांगतील, हा विचार माझ्या मनात त्या दिवशी शिरला. त्यांनी मला एकदाही पुन्हा विचारलं नव्हतं. पण ती आली आणि समोर मी उभा असलो तर? कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी गल्लीत चारचाकी थांबली की मी मागच्या दारानं निघून जायचो. ती आली नाही. माझी परीक्षा झाली, मी पास झालो आणि खोली सोडली. निघताना भाऊंनी माझी गोदडी मागून घेतली, नाकाला लावली आणि म्हणाले, "आता जमलं तुले." पाया पडलो. तेव्हाही बोललो नाही.

आता मी गडचिरोलीला पुढचं शिकतो आहे. भाऊंना फोन करतो, ते दोन वाक्यं बोलतात. डोळा बरा आहे. एक नंबर म्हातारी झाली आहे, जोड रोज बदलावा लागतो. डॉक्टरांच्या मुलीचं नाव निघत नाही.

मागच्या आठवड्यात मनोहरदादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला,

"अबे, ते डॉक्टरची पोरगी आली होती. मोठी झाली आता. पलंग सरकवाले भाऊनं मले बलावलं होतं, म्हणून होतो मी तिथी."

"मग?"

"मग काय. तिनं पह्यले तेच इचारलं, दुसरी कशी मेली. भाऊनं सरळ सांगतलं. म्हणे, पावसात कपडे वाळत नव्हते, म्या राईस मिलमध्ये नेऊन वाळवले, कुसळं अडकले त्यात, ते पायात गेले. माही चूक हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बोलाले गेलो का भाऊ, तुम्ही तं ऑपरेशनले गेले होते, कपडे तं ह्यानं..." मनोहरदादा थांबला. "त्यायनं माह्याकडं असं पाह्यलं का मी गपच बसलो. त्यायले कसं माहीत का तू मिलवर आला होता? म्या नाई सांगतलं बाप्पा. शप्पथ."

"पोरगी काय म्हणाली?"

"रडली. भाऊले वाकडं काई बोलली नाई. पण बोललीच नाई मंग. एक नंबरले डब्यात घातलं आन् निघाली. भाऊनं सगळे कपडे धुऊन घड्या करून गठ्ठा बांधून ठेवला होता तिच्यासाठी. तिनं हात नाई लावला. म्हणे, राहू द्या, मी नवीन घेईन."

"आणि भाऊ?"

"भाऊ गाडीपर्यंत गेले. काच खाली कराले लावली. मले वाटलं आता माफी मागते का काय. तं म्हणे, नवा कपडा पाणी खाली जाऊ देत नाई, बाई. पाच खेपा गरम पाण्यात धू, मंगच टाक."